महागाईच्या तराजूत भागधारक आणि रोखेधारक



नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, 'शेअर' हा शब्द मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून आलेला नाही. तो उसाच्या फडातून आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या जाचाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी त्याचे भाग विकत घेतले आणि ते मालक झाले. त्यामुळे गुंतवणूक हा या जिल्ह्याला परका विषय नाही. मात्र महागाई वाढू लागली की या गुंतवणुकीचे काय होते, याचा विचार घराघरांत व्हावा तितका होत नाही.

सहकारी कारखान्याचा भाग आणि कंपनीचा भाग यांत मूलभूत अंतर आहे. सहकारी भागाची किंमत दर्शनी मूल्यालाच बांधलेली असते आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आजोबांनी घेतलेला भाग नातवाच्या हाती आला तरी बाजारातील महागाईप्रमाणे त्याचे मोल वाढत नाही. शेतकऱ्याला खरा परतावा मिळाला तो उसाच्या भावातून आणि परिसरात उभ्या राहिलेल्या शाळा, दवाखाने व रस्ते यांतून. कंपनीच्या भागाचे मोल बाजार ठरवतो. रोखा म्हणजे तर शासनाला वा कंपनीला दिलेले कर्जच. तेव्हा महागाईचा घाव या प्रत्येकावर निराळ्या रीतीने बसतो.

रोख्याचे साधे गणित

शंभर रुपयांचा, दहा वर्षे मुदतीचा आणि सात टक्के व्याजाचा रोखा कोणी घेतला असे समजा. पुढे महागाई वाढली, रिझर्व्ह बँकेने व्याजदर चढवले आणि नवे रोखे आठ टक्क्यांनी मिळू लागले, तर जुना रोखा शंभर रुपयांना कोण घेईल? त्याचा भाव सुमारे ९३ रुपयांवर येतो. मुदत जितकी लांब, तितकी ही घसरण मोठी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा दीर्घ मुदतीचे रोखे बाळगणाऱ्यांना हा अनुभव आला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तिच्या मुळाशीही चढत्या व्याजदरांनी झिजवलेले दीर्घ मुदतीचे रोखेच होते.

मुदतठेवीचा भाव पत्रकात छापून येत नाही, म्हणून ठेवीदाराला तोटा दिसत नाही. परंतु तो होतोच. ठेवीवर सात टक्के व्याज आणि त्यावर २० टक्के कर धरला, तर हाती ५.६ टक्के उरतात. महागाई आठ टक्के असेल तर मुद्दल दरवर्षी सुमारे अडीच टक्क्यांनी झिजते. सहा टक्के महागाई बारा वर्षे टिकली, तर रुपयाची क्रयशक्ती निम्मी होते. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या आयुष्यात बारा वर्षे हा काही फार मोठा काळ नव्हे.

पूर्वी व्याज भरपूर मिळे, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. १९८८ साली आलेले किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. म्हणजे वर्षाला सुमारे १३.४ टक्के. पण १९९१ साली महागाईचा दरच १३ टक्क्यांच्या वर होता. त्या वर्षापुरता हिशेब मांडला तर पैसा वाढल्याचा केवळ भास झाला. आकडा मोठा असणे आणि कमाई मोठी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९७४ चा धडा

१९७२ च्या दुष्काळाने हा जिल्हा होरपळला होता. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि १९७४-७५ मध्ये घाऊक भाववाढ सुमारे २५ टक्क्यांवर पोहोचली. तत्कालीन केंद्र सरकारने उपाय योजले तेही बचत करणाऱ्याच्याच मुळावर येणारे. जुलै १९७४ मध्ये वटहुकूम काढून कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा घातली गेली आणि नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा काही भाग सक्तीने ठेवीत अडकवला गेला. शेअर बाजार गडगडला. ज्याने काटकसर केली, त्यालाच दंड झाला.

त्याच वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले. ग्राहक संघटित झाला तर भाववाढीपुढे तो निमूट मान तुकवणार नाही, हा त्यामागील विचार होता. महागाई ही केवळ बाजाराची करणी नसते. शासनाच्या बेहिशेबी तुटीचाही तिच्यात मोठा वाटा असतो. तूट भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडून हवा तसा पैसा उचलण्याची पद्धत १९९७ मध्ये थांबली आणि २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन चार टक्क्यांचे, दोन टक्के वर-खाली मुभा असलेले, महागाईचे लक्ष्य निश्चित झाले. बचतदाराच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

भागधारकाचे काय?

भाग घेतले की महागाईपासून संरक्षण मिळते, हे अर्धसत्य आहे. महागाई वाढू लागली की कच्चा माल, वाहतूक आणि कर्जाचे व्याज महागते. ज्या कंपनीला ही वाढ ग्राहकाकडून वसूल करता येते ती तगते. जिला येत नाही तिचा नफा आटतो. २००८ साली घाऊक महागाई १२ टक्क्यांपलीकडे गेली आणि जागतिक संकटाची भर पडली, तेव्हा जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांखाली उतरला.

दीर्घ काळाचे चित्र मात्र वेगळे आहे. १९७८-७९ साली १०० धरलेला हा निर्देशांक जुलै २०२४ मध्ये ८० हजारांपुढे गेला. लाभांश वगळूनही ही वाढ वर्षाला सुमारे १६ टक्क्यांची होते. पण निर्देशांकातून दुर्बळ कंपन्या गाळल्या जातात आणि सबळ घेतल्या जातात, हे विसरता कामा नये. एकाच कंपनीवर विसंबणाऱ्याच्या वाट्याला हे फळ येईलच असे नाही.

कुटुंबाचे कर्तव्य

जादा व्याजाच्या मोहापासून सावध राहणे हे पहिले पथ्य होय. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते कवच नाही. महागाईने दोन टक्के नेले म्हणून चार टक्के जादा देणाऱ्याच्या दारी मुद्दल नेऊन ठेवणे, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार होय.

दुसरे पथ्य मुदतीचे. वर्षा-दोन वर्षांत लागणारा पैसा ठेवीत असावा. पाच-सात वर्षांचा पैसा निरनिराळ्या मुदतींच्या रोख्यांत विभागावा. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य नागरिकाला रिझर्व्ह बँकेमार्फत शासकीय रोखे थेट घेता येऊ लागले. दहा-पंधरा वर्षे न लागणारा पैसाच भागांत घालावा, तोही हप्त्याहप्त्याने.

तिसरे पथ्य उत्पादक संपत्तीचे. हिवरे बाजारने नव्वदच्या दशकापासून श्रमदानातून पाणी अडवले, जिरवले आणि त्याचा ताळेबंद ठेवला. जमिनीत मुरलेल्या त्या पाण्याचे मोल कोणत्याही भाववाढीने घटले नाही. मुलांचे कौशल्य, शेतातील ओल आणि कर्जमुक्त घर ही अशीच संपत्ती होय.

जामखेड तालुक्यातील चोंडीच्या कन्येने, पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी, खासगीचा पैसा आणि राज्याचा खजिना यांचा हिशेब वेगळा ठेवला आणि खासगीतून देशभर घाट, विहिरी व मंदिरे उभारली. त्यांच्या काळातील नाणी चलनातून गेली; घाटांवर आजही लोक स्नान करतात. पैसा साठवायचा तो कशासाठी, हे ज्या कुटुंबाला नीट ठाऊक असते, ते महागाईच्या काळातही हिशेब चुकत नाही.