ठेका चुकला की मोजमाप चुकतं

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. संगणकाच्या पोटातलं मला काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझा भाचा ड्रायव्हर लिहितो. गाडीवाला ड्रायव्हर नव्हे. संगणकातल्या एकेका भागाला कामाला लावणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. तो एकदा म्हणाला, "मामू, तुमच्या वृत्तासारखंच आमचं असतं. मात्रा मोजायच्या तर आधी ठेका पक्का हवा."

हा ठेका क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक देतो. मनगटी घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, संगणकाच्या बोर्डवर काही कोटी वेळा. प्रोसेसरला मात्र अब्जाच्या घरातली गती लागते. एवढ्या वेगाने ठोके देणारी रचना चिपमध्ये करता येते, पण ती लहरी. जरा तापली की चाल बदलते. तिला आवरतो तो फेज लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल.

तबलजी चौपटीत वाजवतो, पण दर आवर्तनाला समेवर लेहऱ्याला येऊन भेटतो. पीएलएल तेच करतो. वेगवान ठोके भागून तो स्फटिकाच्या ठोक्यांशी ताडतो. पुढे गेले तर आवरतो, मागे पडले तर हाकतो. जुळले की 'लॉक' झाला. आंरी द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्याने १९३२ साली रेडिओसाठी ही कल्पना मांडली. तुमचा रेडिओ डिजिटल ट्यूनिंगचा असेल, तर त्यातही पीएलएल आहेच.

किती पट करायची, हे ड्रायव्हर सांगतो. त्यासाठी स्फटिकाची गती माहीत हवी, आणि ती मोजायला दुसरं घड्याळ लागतं! म्हणून लिनक्समध्ये ती बऱ्याचदा बोर्डच्या वर्णनाच्या फाइलीत, 'डिव्हाइस ट्री'मध्ये, लिहिलेली असते. ड्रायव्हर त्या आकड्यावर विसंबतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं पाहा. आधीच्या मॉडेलांत स्फटिक १९.२ मेगाहर्ट्झचा होता. २०१९ साली आलेल्या चौथ्या मॉडेलात तो ५४चा झाला. १,०८० मेगाहर्ट्झ हवे असतील, तर पूर्वी ५६.२५ पट करावी लागे, आता २० पट. जुनाच आकडा ठेवला, तर मागणी तीन हजारांच्या वर जाते. पीएलएल लॉक झाला नाही, तर त्याचा लिनक्समधला ड्रायव्हर १०० मिलिसेकंद वाट पाहून तक्रार नोंदवतो. एवढी मोठी चूक सहसा लपत नाही.

भाचा घाबरतो तो लहान चुकीला. समजा, फाइलीत २४ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि कारखान्यात स्फटिक बसवला २६चा. पीएलएल बिनतक्रार लॉक होतो. यंत्र चालू, दिवा हिरवा. फक्त त्याचा मिनिट साधारण ५५ सेकंदांत संपतो. असं यंत्र नाडी मोजायला लावलं, तर ७२ ठोक्यांचा माणूस त्याला ६६चा दिसेल. बंद पडलेलं यंत्र आपण बदलतो. हे तर उशाशी राहून रोज खोटं सांगत राहील, आणि डॉक्टर ते खरं मानतील.

दुरुस्ती फाइलीतल्या एका ओळीची. पण ती ओळ चुकली आहे, हे आधी कोणाला तरी दिसायला हवं. म्हणून नवा बोर्ड हाती आला, की भाचा भिंग घेऊन आधी स्फटिकाच्या डबीवरचा आकडा वाचतो. फाइल तो नंतर उघडतो.