जात्याला हात लागला तेव्हा



तुमच्या घरातलं जातं सध्या कुठं आहे? दुबलगुंडीच्या आमच्या घरात ते न्हाणीशेजारी पडून असे, त्यावर बादली ठेवत. लग्न निघालं की धुऊन आत यायचं, हळद दळून झाली की पुन्हा बाहेर. पिठाची गिरणी आल्यावर एवढंच काम उरलं. याबद्दल मी हळहळणार नाही. पहाटे उठून ज्वारी दळणाऱ्या बाईला गिरणी किती सुखाची वाटली असेल, हे जातं न ओढलेल्या माणसानं काय सांगावं?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. ते वाचून मलाही हौस आली. आमच्या शेजारच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची पदं छापून जपलेली आहेत. आमच्या बायकांच्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या? 1956 साली हैदराबाद राज्याचे भाग पडले, हुमनाबाद तालुका म्हैसूर राज्यात आला. माझी मुलं कानडी शाळेत शिकली. मराठी त्यांना मिळाली ती स्वयंपाकघरातून, भांड्याकुंड्यांच्या नावांतून.

म्हणून आत्याबाईंपुढं फोन धरला. दोन दिवस एकच उत्तर, "काही याद नाही बघ बाबा."

तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या लग्नाची हळद दळायला जातं आत आणलं, खुंटा ठोकला. आत्याबाई पाय पसरून बसल्या. दोन फेरे झाले आणि आवाज लागला. एकीमागून एक ओवी. मधूनच माहेराला 'तवरमनी' म्हणत होत्या, कानडी शब्द मराठी ओवीत बिनबोभाट बसत होता.

1975 साली गॉडेन आणि बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. जे शब्द जिथं पाठ केले, ते तिथंच जास्त आठवले. आत्याबाईंना मी दोन दिवस काठावर बसवून विचारत होतो.

चौथ्या-पाचव्या ओवीत एक नाव आलं. ओवीत भावाबहिणींची नावं गुंफायची रीतच आहे, पण हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांनी उच्चारलं नाही, आजीनं नाही.

"आत्या, ही कोण?"

जातं थांबलं.

"तुझ्या बापाच्या पाठची. पाच वर्सांची होऊन गेली. आई दळताना तिचं नाव घ्यायची. एरवी घरात कुणी काढायचं नाही."

मी पासष्ट वर्षांचा आहे. मला आणखी एक आत्या होती, हे त्या दिवशी कळलं. विचारायला वडील नाहीत.

मी फोन बंद करायला गेलो तशा आत्याबाईंनी पुन्हा खुंटा धरला. "वैरण घाल बाबा," म्हणाल्या, "रिकामं जातं फिरवू नये."

मी मूठभर हळद टाकली.