काचकाम : कसब हाताचे, हिशेब डोक्याचा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



दहावी जवळ आली की आपल्या घरांतून दोनच वाटांची चर्चा होते. अभ्यास बरा असेल तर कॉलेज, नसेल तर "शाळा पुरे, कुठेतरी कामाला लावा." या दुसऱ्या वाटेविषयी मला बोलावयाचे आहे. मुलाला कामाला लावणे आणि मुलाला कसब शिकविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उदाहरणादाखल मी माझाच धंदा घेतो : इमारतींच्या खिडक्या-दारांना आणि दुकानांच्या दर्शनी भागाला काच बसविण्याचा.

पूर्वी हे काम सुताराच्या कामातच मोडत असे. लाकडी चौकट, पातळ काच, चार चुका आणि खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली पुट्टी, एवढ्यात खिडकी तयार होई. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तक्ते काढण्याची पद्धत जाहीर केली. पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली आणि मोठ्या, निर्मळ काचा सहज मिळू लागल्या. आज ॲल्युमिनियमच्या चौकटी आहेत, टफन केलेली काच आहे, मध्ये पारदर्शक थर घालून दोन काचा जोडलेली लॅमिनेटेड काच आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचकामावर स्वतंत्र विभाग आहे. यावरून या कामाची जबाबदारी किती वाढली ते ध्यानात येईल.

आता या कामात शाळेचे शिक्षण कोठे लागते ते पाहा. खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी लागते, उंचीही तशीच. समजा, रुंदी वर ३६ इंच, मध्ये ३५ इंच ७ सूत आणि खाली ३५ इंच ६ सूत भरली. सर्वांत लहान माप धरावयाचे आणि दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळे सोडावयाचे. म्हणजे काच ३५ इंच ४ सुतांची. मोकळी जागा अशासाठी, की उन्हात ॲल्युमिनियम काचेच्या सुमारे अडीच पट प्रसरण पावते. काचेची कड धातूला भिडली तर काच तडकते. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावयाचे. ते सारखे नसतील तर चौकट गुण्यात नाही. भूमितीच्या तासाला "याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे माझे उत्तर आहे.

टफन काचेत तर चुकीला क्षमाच नाही. ती भट्टीत सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, पण नंतर तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. बिजागरी, कुलूप, मूठ या सर्वांची भोके आधीच मापून सांगावी लागतात. भोक दोन सूत चुकले तर पूर्ण दार भंगारात जाते.

वजनाचा हिशेबही असाच. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. दुकानाचे बारा मिलिमीटरचे, तीन फूट बाय सात फुटांचे दार जवळजवळ ५८ किलोंचे होते. ते एकट्याने उचलावयाचे नसते. काच उभी धरून न्यावी, हातमोजे, जाड तळाचे बूट आणि चष्मा घालावा, उंचीवर पट्टा बांधावा. आणि निसटलेली काच कधीही झेलावयास जाऊ नये. काच पुन्हा विकत मिळते, हाताची शीर मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात गेलेला मुलगा पुष्कळदा वर्षानुवर्षे काच उचलणारा हेल्परच राहतो, कारण माप आणि अंदाजपत्रक त्याच्या हाती कोणी देत नाही. म्हणून पालकांनो, दहावी पुरी होऊ द्या. त्यानंतर आय.टी.आय.मधील सुतारकाम, फिटर यांसारख्या अभ्यासक्रमाने पाया घालता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन शिकण्याचीही सोय आहे. नकाशे काढणे आणि अंदाज करणे ही कामे आपल्या मुलींनाही उत्तम जमतील. मुलगा थेट उस्तादाच्या हाताखाली गेला, तर सहा महिन्यांनी जाऊन विचारा : तो कापावयास कधी शिकणार? माप कधी घेणार? उत्तर मिळत नसेल तर उस्ताद बदला.

परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः उत्प्रवास तपासणीची अट येते, आणि आखाती देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी घ्यावी लागते. दहावीच्या प्रमाणपत्राने ही अट टळते. आणि येथेच राहणाऱ्या, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या अठरा ते साठ वयाच्या कामगाराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी अवश्य करावी. तिचा लाभ त्याच्या मुलांच्या शिक्षणालाही होतो.

विद्यार्थी मित्रहो, हातात कटर धरण्यात कमीपणा नाही. मात्र त्या हातामागे वही, पेन्सिल आणि हिशेब असू द्या. काच उचलणारे पुष्कळ आहेत. माप घेऊन त्याखाली स्वतःची सही करणारे थोडे आहेत. त्या थोड्यांत तुमची गणना व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.