शाळेचा पट आणि आपण
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



पट विसाच्या खालीं गेला कीं गांवांत कुजबुज सुरू होते, आतां शाळा जाणार. ही भीति खोटी नव्हे. २०२३ सालीं सरकारनें अशा लहान शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचा विचार मांडला, तेव्हां २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यांत १४ हजारांवर होत्या. मोठ्या शाळेंत मुलांस सोबती जास्त मिळतात, हें आम्हांस कबूल आहे. पण डोंगरवस्तीवरच्या धनगराच्या पोरीनें पावसाळ्यांत ओढा ओलांडून तेथवर जावें कसें? मुलगा कसाबसा जाईल. मुलीचें दप्तर खुंटीला लागेल.

पट कां घटतो? घरोघर मुलें कमी झालीं, कांहीं माणसें पोटामागें शहरांत गेलीं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर पोरेंहि गेलीं. येथें दोष कोणाला द्यावा? पण हातीं दोन पैसे आले कीं आपण मुलास गाडींत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत धाडतों. म्हणतों, 'इथें वाचायलाच येत नाहीं.' तक्रार खरी असेल. मग ती गुरुजींपुढें मांडली का? चार इयत्ता, दोन गुरुजी, त्यांतले एक सरकारी तक्ते भरण्यांत गुंतलेले. मग वाचून घेणार कोण, हें कधीं विचारलें का? बाजारांत मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, पण पोराच्या हातीं पुस्तक देऊन एक पान वाचावयास लावीत नाहीं!

ही शाळा कोणाची मेहेरबानी नव्हे. सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टानें भरते, म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लिहून दिलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत तें सक्तीचें व मोफत केलें. मूल न पाठविणाऱ्या आईबापास महिना १ रुपया दंड ठेवला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक आणि निम्मे सभासद बायका असाव्या लागतात. पहिली ते पांचवीस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हेंहि त्यांतच आहे. आणि आपण काय करतों? ठरावाचें पुस्तक घरीं येतें, आपण न वाचतां सही ठोकतों.

तेव्हां ह्या जूनमध्यें दाखला काढण्याची घाई करूं नका. आधीं समितीची बैठक बोलवा. चौथीच्या मुलांस तेथेंच एकेक पान वाचावयास लावा. दुसरे गुरुजी नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावयाचा अर्ज बैठकींतच लिहा. लिहिणारा मिळत नसेल तर निरोप धाडा, आम्ही येऊं.