मोटारीची खडखड



मोटार रस्त्यानें सुरळीत धांवत आहे तोंपर्यंत तिच्या पोटांत काय चाललें आहे याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. पण एखाद्या चौकांत तांबडा दिवा लागतो, गाडी थांबते आणि पायांखालून, डब्यांत खडे हालवावेत तशी खडखड ऐकूं येऊं लागते. दिवा हिरवा होतो, गाडी पुढें सरते आणि आवाज नाहींसा होतो. आज या एवढ्याच खडखडीविषयीं मी बोलणार आहें.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या स्वतःच्या मोटारीला ही व्यथा जडली. गाडी दहा वर्षांची, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. ज्या गॅरेजांत ती नेली तेथील गृहस्थांनीं बॉनेट उघडून क्षणभर कान दिला आणि ‘इंजिन खोलावें लागेल, पन्नास हजारांच्या घरांत खर्च येईल,’ असा निकाल दिला. जुन्या गाडीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षां ती विकून टाकावी असें माझ्या मनानें घेतलें व एका गृहस्थांशीं बोलणेंही सुरू केलें. आमचे शेजारी दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेंतून निवृत्त झालेले मिस्त्री आहेत. त्यांना मीं ही हकीकत सांगितली, तेव्हां ते म्हणाले, “अहो, आवाज कसला येतो तें राहूं द्या. केव्हां येतो तें आधीं सांगा.”

या प्रश्नांत पुष्कळ अर्थ आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनांत क्रँकचा दांडा एक फेरा करतो तेवढ्यांत दोन स्फोट होतात. गाडी उभी असतांना इंजिन मिनिटास सुमारें 800 फेरे घेतें; म्हणजे स्फोट 1600, सेकंदास जवळजवळ 27. प्रत्येक स्फोटाचा धक्का साऱ्या सांगाड्यास बसतो. एखादा पत्रा सैल झाला असेल आणि त्याच्या कंपनाची स्वाभाविक गति या धक्क्यांशीं जुळली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळीं दिलेल्या हिसक्यांप्रमाणें त्याचें हालणें वाढत जातें. इंजिनाचा वेग वाढला कीं ही जुळणी मोडते. दुसरें कारण तेलाचें. तेलाचा पंप इंजिनच फिरवितें; त्यामुळें वेग मंदावला कीं तेलाचा दाबही उतरतो आणि झिजलेल्या भागांतील फटी वाजूं लागतात. पहिला दोष हंसण्यावारी नेण्यासारखा, दुसरा इंजिनाच्या प्राणावर बेतणारा; आणि बॉनेटजवळ उभें राहून ऐकणाऱ्यास दोन्ही सारखेच वाटण्याचा संभव!

मिस्त्रींनीं गाडी सपाट जागेवर, उघड्यावर घ्यावयास लावली. बंद खोलींत इंजिन चालू ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कांहीं कळण्यापूर्वींच माणूस बेशुद्ध होऊं शकतो. मग इंजिन बंद करून, पांच मिनिटें थांबून, त्यांनीं तेलाची सळई ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खालीं गेलें होतें. त्यांनीं माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मी विसरणार नाहीं. तेल भरलें, तरी खडखड कायम राहिली.

पुढची परीक्षा अगदीं सोपी. गाडी न्यूट्रलमध्यें असतांना क्लच दाबावा; आवाज थांबला, तर संशय गिअरबॉक्सकडे जातो. आमचा आवाज थांबला नाहीं. तेव्हां एक लांब पेचकस घेऊन त्याचें टोंक त्यांनीं इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकविलें आणि मूठ कानाजवळच्या हाडास लावली. 1816 सालीं पॅरिसमध्यें लेनेक या डॉक्टरानें कागदाची सुरळी करून रोग्याचें हृदय ऐकलें, तोच हा प्रकार. मात्र पट्ट्याजवळ सैल बाही वा पदर जाऊं देऊं नये. विजेचा पंखाही न सांगतां सुरू होतो. वरच्या बाजूस हलकी टिकटिक आली तर ती टॅपेटची. पुढच्या झांकणाशीं घासल्यासारखी खडखड आली तर ती टायमिंग चेनची. थंड इंजिन सुरू करतांना ती दोन-तीन सेकंद ऐकूं आली तर तेल अजून पोंचावयाचें आहे असें समजावें, परंतु थांबेचना, तर चेन ताणली गेली असावी. तिनें दांता सोडला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. आणि खालून जड ठोका येऊन तो चढावर वाढूं लागला, किंवा तेलाचा तांबडा दिवा लागला, तर गाडी तेथेंच बंद करावी, घरापर्यंत नेण्याचा मोह धरूं नये. हे आवाज आपणांस येथून ऐकवितां आले असते तर माझे निम्मे शब्द वांचले असते.

आमच्या इंजिनांत यांपैकीं कांहींच निघालें नाहीं. पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालविलें, तरी खडखड तीच. (अधिक वेळ चालवूं नये, बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो.) मग दुसरे दिवशीं सकाळीं, सर्व कांहीं थंड असतांना, चाकांना दगड लावून मिस्त्री गाडीखालीं शिरले आणि सायलेन्सरच्या नळीवर हातमोजा घातलेल्या मुठीनें ठोकीत गेले. एके ठिकाणीं आमची तीच ओळखीची खडखड उमटली. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आंतील चिनी मातीची जाळी फुटली असती तरी असाच आवाज येता, आणि तो भाग महाग. म्हणून त्यांनीं वरचा पत्रा हातानें घट्ट दाबून पुन्हां ठोकलें. आवाज बंद!

हा पत्रा उष्णता अडविण्यासाठीं असतो. त्याचे बोल्ट गंजले, भोंकें रुंदावली, आणि तो नळीवर नाचूं लागला. ‘काढूनच टाकूं या का?’ असें मीं विचारलें, तें मिस्त्रींना रुचलें नाहीं. कन्व्हर्टर चालतांना कित्येक शें अंश तापतो. पत्रा नसला तर गाडीचा तळ व वायरी भाजतात, आणि वाळक्या गवतावर गाडी उभी केली तर तेंही पेट घेतें. त्यांनीं पोलादी पट्टीचे, पेंचानें आवळण्याचे दोन क्लँप आणावयास सांगितले, आणि ते पत्र्यासकट नळीभोंवतीं आवळले. तेल धरून खर्च हजाराच्या आंत आला.

त्या संध्याकाळीं मीं गाडी चौकांत नेऊन तांबड्या दिव्यापाशीं मुद्दाम कान देऊन उभी केली. घरीं परतल्यावर गिऱ्हाइकास गाडी विकावयाची नाहीं असें कळविलें, आणि दर रविवारीं तेलाची सळई पाहावयाची, असें मिस्त्रींच्या देखत कॅलेंडरवर लिहून ठेविलें.