बोरेआस: उत्तरेचं वारं

पौषातल्या पहाटे आपल्या छत्रपती संभाजीनगरात दार उघडलं, की गार वारं अंगाला झोंबतं. घरातली जाणती माणसं सांगतात, "उत्तरेचं वारं सुटलंय, कानाला बांधा." आपण दिशेवरून वाऱ्याला नाव देतो. प्राचीन ग्रीकांनी वाऱ्यावरून दिशेला नाव दिलं.

उत्तरेच्या वाऱ्याला ते 'बोरेआस' म्हणत. होमरच्या काव्यात तो 'बोरेएस' होतो, अथेन्सच्या बोलीत आखडून 'बोर्रास'. आपला 'वारा' जसा विभक्ती लागताच 'वाऱ्याचा' होतो, तसं 'बोरेआसचा' म्हणताना ते 'बोरेऊ' म्हणत. आजच्या ग्रीकांच्या तोंडी तो 'व्होरिआस' आहे. अथेन्समधल्या अष्टकोनी 'वाऱ्यांच्या मनोऱ्या'वर उत्तरेच्या बाजूला जाड वस्त्रं ल्यालेला, हाती शंख घेतलेला बोरेआस कोरलेला आहे.

हा शब्द आपल्या प्रदेशाच्या वर्णनातही आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहिली. तिचं नाव 'पेरिप्लस'. भडोचपुढचा किनारा बोरेआसकडून नोतोसकडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, असं तो सांगतो. नोतोस हा दक्षिणेचा वारा. या मुलखाला 'दाखिनाबादेस' म्हणतात, कारण इथले लोक नोतोसला 'दाखानोस' म्हणतात, असा खुलासाही तो करतो. हा आपला 'दक्षिणापथ'! पाठोपाठ आपलं पैठण येतं. भडोचहून 20 दिवसांच्या वाटेवरचं 'पैथाना'. तिथून गाड्या भरभरून पट्ट्यापट्ट्यांचे मौल्यवान दगड भडोचच्या बंदरात जात.

त्या व्यापाऱ्यानं आपला शब्द कान देऊन ऐकला आणि स्वतःच्या वाऱ्याशेजारी ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. दोन्ही शब्दांच्या मुळाशी माणसाचा अनुभव आहे. शिडावर जगणाऱ्यांना दिशा वाऱ्यानं सांगितली. आपल्या पूर्वजांनी उगवत्या सूर्याकडे तोंड केलं. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, म्हणून उजव्या हाताची बाजू ती दक्षिण.

उद्या पहाटे गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर उगवतीकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात दक्षिणापथ दाखवील. आणि डाव्या गालाला झोंबेल, तो बोरेआस.