औषधाची चिठ्ठी आणि विमा कंपनीची मंजुरी



अमेरिकेत डॉक्टरांनी औषध लिहून दिलं म्हणजे ते हाती पडलंच असं नाही. संधिवाताचं महागडं इंजेक्शन असेल, तर विमा कंपनीची मंजुरी आधी लागते. तिला प्रायर ऑथरायझेशन म्हणतात. कधी कंपनी सांगते, आधी आमच्या यादीतलं स्वस्त औषध घ्या, गुण आला नाही तर पुढचं बघू. तोवर सांधे सुजतच राहतात. खर्चाला आवर हवा, हे मला मान्य आहे. पण ज्याने रुग्णाला कधी तपासलंच नाही, त्याने त्याला ताटकळत ठेवावं, हे मला पटत नाही.

राज्यांच्या विधिमंडळांनी यावर उपाय काढले. कॅलिफोर्नियाचा मला सगळ्यात पटला. औषधाच्या अर्जावर कंपनीने 72 तासांत, निकड असेल तर 24 तासांत उत्तर द्यायचं. दिलं नाही, तर मंजुरी मिळाली असंच धरायचं. म्हणजे कंपनी गप्प बसली, तर फायदा रुग्णाचा! टेक्ससने 2021 मध्ये ‘गोल्ड कार्ड’ आणलं. एखाद्या उपचारासाठी डॉक्टरांचे ठरावीक मुदतीतले किमान 90 टक्के अर्ज मंजूर झाले असतील, तर त्या उपचाराला त्यांना परवानगीची गरज नाही. इलिनॉयने 2024 च्या कायद्याने ‘आधी स्वस्त औषध’ ही अटच 2026 पासून बंद केली.

पण डॅलस, ह्यूस्टनला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एक गोष्ट जरूर तपासावी. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या पैशातून करतात. कार्डावर नाव विमा कंपनीचं असतं, पण ती फक्त कारभार पाहते. अशा योजना 1974 च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यांच्यावर राज्याचा विमा कायदा चालत नाही. आजार तोच, औषध तेच, डॉक्टरही तेच, आणि तरी एकाला संरक्षण आहे, त्याच्या शेजाऱ्याला नाही. हा उघड अन्याय आहे, आणि तो वॉशिंग्टनलाच दूर करावा लागेल.

टेक्ससमध्ये कार्डावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ ही अक्षरं असली, तर योजना राज्याच्या कायद्याखाली आहे. नसली, तर ऑफिसात एचआरला विचारा. नकार आला, तर 180 दिवसांत अपील करता येतं. तिथेही वैद्यकीय कारण देऊन नाकारलं, तर बहुतेक योजनांमध्ये बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे दाद मागता येते. अपिलाला डॉक्टरांचं पत्र जोडा. आधी कोणती औषधं घेतली, कधी घेतली आणि त्यांनी काय त्रास झाला, हे त्यात तारखांसकट लिहून घ्या.